एकच काम दोन ठिकाणी: कॉपी करायचं की जोडायचं?

नोट्स आणि कामांच्या अ‍ॅपबद्दल वाचकांचे जे प्रश्न आलेत त्यातल्या बहुतेकांचं दुखणं एकच आहे, एक गोष्ट दोन जागी लिहिली, एका जागी बदलली आणि दुसरीकडे जुनीच राहिली. म्हणून यावेळी सगळी जागा याच विषयाला देतेय. बऱ्याच जणांनी नाव छापू नका असं कळवलं होतं, त्यामुळे कुणाचंच छापलेलं नाही, फक्त गाव आणि काम दिलंय.

प्रश्न: ताई नमस्कार. मी ठाण्यात आमच्या सोसायटीची सेक्रेटरी आहे. नोशन या नोट्सच्या अ‍ॅपमधे दर महिन्याच्या कमिटी मीटिंगचं एक पान करते आणि ठरलेली कामं त्यात चेकबॉक्स टाकून लिहिते, लिफ्टचं एएमसी (देखभालीचा वार्षिक करार) रिन्यू करायचंय, टाकी साफ करायचीय, पार्किंगचे पट्टे मारायचेत वगैरे. मग तीच कामं कॉपी करून "बाकी कामं" नावाच्या पानावर टाकते कारण मॅनेजर तेवढंच पान बघतो. तो तिकडे टिक करतो आणि मीटिंगच्या पानावर काम बाकीच दिसतं. दोन्हीकडे आपोआप टिक होईल असं काही आहे का?

उत्तर: आहे, आणि त्यासाठी पैसेही भरावे लागणार नाहीत. पण आधी हे बघा की साधं कॉपी-पेस्ट केलं की नेमकं काय होतं. सातबाऱ्याची झेरॉक्स काढून कपाटात ठेवली आणि नंतर तलाठ्याकडे फेरफार नोंदला गेला तर कपाटातला कागद काही बदलत नाही ना, तसंच आहे हे. पेस्ट केलेल्या चेकबॉक्सला आपण कुठून आलो हे माहीतच नसतं. अ‍ॅपच्या दृष्टीने ती दोन वेगळी कामं आहेत, फक्त अक्षरं सारखी.

नोशनमधे यावर दोन मार्ग आहेत. पहिला सोपा, सिंक्ड ब्लॉक (सिंक म्हणजे दोन्ही जागा आपोआप सारख्या ठेवणं). मीटिंगच्या पानावरची कामं सिलेक्ट करून कॉपी करा, दुसऱ्या पानावर पेस्ट करा, पेस्ट केल्यावर छोटा मेनू येतो त्यात "पेस्ट अँड सिंक" निवडा. आता तो एकच मजकूर दोन जागी दिसतोय, कुठेही टिक करा, दोन्हीकडे होईल. कर्सर आत नेला की भोवती लाल चौकट दिसते, ती दिसली म्हणजे आपण लिहू ते सगळीकडे जाणार हे लक्षात ठेवायचं. दोन गोष्टी जपा. मूळ ब्लॉक ज्या पानावर आहे ते पान मॅनेजरला शेअर केलेलं नसेल तर त्याला त्या जागी काही दिसणार नाही, आणि मग तो म्हणेल पान रिकामं आहे. दुसरं, मूळ पान किंवा मूळ ब्लॉक डिलीट करायची वेळ आली तर आधी अनसिंक करा, म्हणजे बाकीच्या जागचा मजकूर स्वतंत्र होतो.

पण तुमच्यासाठी मी हा मार्ग सुचवणार नाही. दर महिन्याला एक मीटिंग, म्हणजे वर्षाअखेरीस "बाकी कामं"च्या पानावर बारा सिंक्ड ब्लॉक एकाखाली एक, त्यातली निम्मी कामं झालेली, आणि चेकबॉक्सचा साधा ब्लॉक फिल्टर करता येत नाही, त्यामुळे "फक्त न झालेली दाखव" असं म्हणायची सोयच नाही.

दुसरा मार्ग डेटाबेसचा. सुरुवातीला तासभर जाईल पण नंतर वर्षानुवर्षं चालेल. "सोसायटीची कामं" असा एक डेटाबेस करा, प्रत्येक काम म्हणजे त्यातली एक ओळ, त्याला कॉलम द्या: झालं का, कोणाकडे, कधीपर्यंत. मीटिंगचा दुसरा डेटाबेस करा आणि दोघांमधे रिलेशन नावाची प्रॉपर्टी जोडा, म्हणजे कोणतं काम कोणत्या मीटिंगमधे ठरलं ते कळेल. मग मीटिंगच्या पानासाठी टेम्प्लेट, म्हणजे नव्या पानाचा तयार साचा बनवा, त्या टेम्प्लेटमधे कामांच्या डेटाबेसचा लिंक्ड व्ह्यू, म्हणजे तीच यादी दुसऱ्या पानावर दाखवणारी खिडकी टाका आणि फिल्टर लावा की रिलेशनमधे हेच टेम्प्लेट असलेली कामं दाखव. गंमत अशी की टेम्प्लेटवरून नवीन मीटिंगचं पान काढलं की तो फिल्टर आपोआप त्या नव्या पानाचा होतो, आणि त्या व्ह्यूमधे तुम्ही नवी ओळ लिहिली की ती आपोआप त्या मीटिंगला जोडली जाते. मॅनेजरच्या पानावर त्याच डेटाबेसचा आणखी एक लिंक्ड व्ह्यू, फिल्टर एवढाच की न झालेली कामं. त्याने टिक केलं की काम त्याच्या यादीतून जातं आणि मीटिंगच्या पानावर झालेलं दिसतं.

मॅनेजरला एक मात्र नीट समजावून सांगा. लिंक्ड व्ह्यूमधला फिल्टर, सॉर्ट, कोणते कॉलम दाखवायचे हे त्या जागेपुरतं असतं, पण ओळ डिलीट केली तर ती मुळातूनच जाते. यादी स्वच्छ दिसावी म्हणून झालेली कामं उडवायची सवय अनेकांना असते, ती इथे चालणार नाही, टिक करा आणि फिल्टरला त्याचं काम करू द्या.

आणि आता एक गोष्ट जी तुम्ही विचारलेली नाही पण सेक्रेटरी म्हणून तुम्हाला लागेलच. मीटिंगमधे काय ठरलं हा रेकॉर्ड असतो. समजा मे महिन्यात ठरलं की रंगकाम दिवाळीआधी करायचं, नंतर कुणीतरी त्याच ओळीत तारीख बदलून मार्च केली, तर जोडलेल्या पानावर मे महिन्याची मीटिंगसुद्धा मार्च म्हणायला लागेल. म्हणून ठरावाचं वाक्य साध्या मजकुरात लिहा, ते कशालाही जोडू नका, मिनिट्स (मीटिंगचं इतिवृत्त) मंजूर झाले की त्या पानाची पीडीएफ काढून ठेवा. काम जिवंत असतं, ते जोडा. ठराव झाला तो झाला, तो तसाच राहिला पाहिजे.

प्रश्न: मॅडम, माझं सांगलीत जीएसटीचं काम आहे, छोटे व्यापारी क्लायंट आहेत. प्रत्येकासाठी नोशनमधे पान आणि त्यावर दर महिन्याची तीच चेकलिस्ट: खरेदी बिलं आली, विक्री रजिस्टर आलं, जीएसटीआर-१ (विक्रीचा रिटर्न) भरला, ३बी (गोषवारा आणि कर भरण्याचा रिटर्न) भरला. मुलाने सांगितलं सिंक करून टाका म्हणजे एकदाच बदलावं लागेल. केलं. आता एका क्लायंटचं टिक केलं की सगळ्यांचंच टिक होतंय. यात काय चुकलं?

उत्तर: तुमच्या मुलाचा हेतू अगदी योग्य होता पण चेकलिस्टमधे दोन वेगळ्या जातीच्या गोष्टी एकत्र आहेत आणि त्या आधी सुट्या करायला हव्या होत्या. "जीएसटीआर-१ दर महिन्याला ११ तारखेपर्यंत, ३बी २० तारखेपर्यंत" हा नियम झाला, तो मासिक रिटर्न भरणाऱ्या तुमच्या सगळ्या क्लायंटना सारखाच आहे आणि मुदतवाढ आली की सगळ्यांचा एकदम बदलतो. नियम एका जागी असायला हवा. "अमुक दुकानाचा जुलैचा ३बी भरला" ही घटना झाली, ती एकाची आणि एकाच महिन्याची आहे, ती कधीच कुणाशी जोडायची नाही. सिंक्ड ब्लॉकमधे चेकबॉक्स टाकला की ती टिकसुद्धा मजकुराचाच भाग धरली जाते, त्यामुळे ती सगळीकडे जाणारच.

आज लगेच करायचं ते असं: कुठल्याही टिकला हात लावण्याआधी मूळ ब्लॉकवर जा, मेनूतून सगळे अनसिंक करा, म्हणजे प्रत्येक पानावरची यादी स्वतंत्र होईल. मग पोर्टलवर बघून प्रत्येकाची खरी स्थिती भरून घ्या. हे कंटाळवाणं आहे पण अंदाजाने भरू नका, एखाद्याचा रिटर्न राहून गेला तर लेट फी आणि वर व्याजाचा फटका त्या माणसाला बसतो.

पुढच्या महिन्यापासून "रिटर्न" असा डेटाबेस करा, एक ओळ म्हणजे एक क्लायंट आणि एक महिना, टिका या चेकबॉक्स प्रॉपर्टी म्हणून. नियमांचं एक वेगळं पान ठेवा आणि टेम्प्लेटमधे त्या पानाची नुसती लिंक द्या. तारीख बदलली तर ते एक पान बदललं की झालं. ज्यांचा रिटर्न तिमाही आहे त्यांच्यासाठी टेम्प्लेट वेगळं करा, एकाच टेम्प्लेटमधे दोन्ही कोंबायला जाऊ नका.

प्रश्न: ताई, मी पुण्यात एमपीएससीची तयारी करतोय. ऑब्सिडियन या अ‍ॅपमधे नोट्स आहेत. ७३व्या घटनादुरुस्तीची नोट मला राज्यघटनेत पण लागते, पंचायत राजमधे पण आणि महिला धोरणाच्या नोटमधे पण. मी तिन्हीकडे पेस्ट केलीय, आता एकीकडे दुरुस्त केलं की दुसरीकडे चुकीचंच राहतं आणि रिव्हिजनला कुठलं बरोबर तेच कळत नाही. शिवाय मोबाइलवर एकाच नोटच्या दोन दोन फाइल दिसायला लागल्यात.

उत्तर: तुझे खरं तर दोन प्रश्न आहेत आणि दोघांची कारणं वेगळी आहेत, म्हणून वेगवेगळं सांगते.

तीन जागची नोट आधी घेऊ. ७३व्या दुरुस्तीची एकच स्वतंत्र नोट कर, त्यात मूळ गोष्टी: कायदा १९९२ चा, अंमल २४ एप्रिल १९९३ पासून, घटनेत भाग ९ आणि अकरावी अनुसूची आली, २९ विषय. मग बाकीच्या नोट्समधे ती पेस्ट न करता एम्बेड कर. दुहेरी चौकटी कंसात नोटचं नाव लिहिलं की लिंक होते हे तुला माहीत असेलच, त्याच्या आधी उद्गारचिन्ह टाकलं, म्हणजे ![[७३वी घटनादुरुस्ती]] असं, की तो मजकूरच तिथे दिसायला लागतो. सगळी नोट नको असेल तर नावानंतर # टाकून फक्त एक हेडिंग आणता येतं, किंवा #^ टाकून एकच परिच्छेद निवडता येतो, ऑब्सिडियन त्या परिच्छेदाच्या शेवटी स्वतःच एक छोटा आयडी लिहून ठेवतं. महिला धोरणाच्या नोटमधे तुला अख्खी दुरुस्ती कशाला, आरक्षणाचा परिच्छेद पुरे: दुरुस्तीत महिलांना किमान एक तृतीयांश जागा, आणि महाराष्ट्राने २०११ मधे ते ५० टक्के केलं. तेवढाच आण.

एक सवय मात्र लाव. एम्बेड केलेला मजकूर चुकीचा वाटला तर त्याच्या कोपऱ्यातल्या लिंकच्या खुणेवर टॅप करून मूळ नोट उघड आणि तिथे दुरुस्त कर. आणि नोटचं नाव बदलायचं असेल तर ऑब्सिडियनच्या आतून बदल, मग बाकीच्या लिंक्स अ‍ॅप सांभाळून घेतं. फाइल मॅनेजरमधे जाऊन नाव बदललंस तर लिंक्स तुटतील कारण अ‍ॅप बंद असताना झालेला बदल हा नाव बदलणं आहे की जुनी फाइल उडवून नवी केलीय हे त्याला समजत नाही.

मात्र सगळंच एम्बेड करत सुटू नकोस असं मला मनापासून वाटतं. पंचायत राजच्या नोटमधे दुरुस्तीबद्दल स्वतःच्या शब्दांत दोन ओळी लिही, वसंतराव नाईक समिती, १९६१ चा जिल्हा परिषद कायदा, १ मे १९६२ पासून त्रिस्तरीय रचना, आणि मग तीस वर्षांनी केंद्राची दुरुस्ती आली तेव्हा महाराष्ट्रात काय आधीपासून होतं आणि काय नव्याने आलं. हा जो संबंध आहे तो प्रत्येक विषयात वेगळा असतो, तो कॉपीही करता येत नाही आणि एम्बेडही, तो तुलाच लिहावा लागेल, आणि मुख्य परीक्षेच्या उत्तरात तोच कामाला येतो. तारखा, कलमं, आकडे एका जागी ठेव. विचार मात्र प्रत्येक ठिकाणी वेगळा लिही. यात जाणारा वेळ वाया जात नाही.

आता मोबाइलवरच्या दोन फाइल. नेट नसताना फोनवर नोट बदलली, त्याच वेळी लॅपटॉपवरही बदलली, नंतर दोन्ही ऑनलाइन आले, की सिंक करणाऱ्या सर्व्हिसपुढे प्रश्न येतो कुणाचं खरं धरायचं. काही सर्व्हिस शेवटचा बदल ठेवतात आणि आधीचा पुसतात, काही दोन्ही जोडायचा प्रयत्न करतात, आणि ड्रॉपबॉक्स किंवा सिंकथिंग सारख्या दोन्ही ठेवून एकाच्या नावात कॉन्फ्लिक्ट असा शब्द घालतात. तुला दिसतायत त्या बहुतेक अशाच फाइल आहेत. त्या दिसल्या की घाबरून लगेच उडवू नकोस, दोन्ही उघडून वेगळं काय आहे ते मूळ फाइलमधे आण आणि मग दुसरी उडव. आणि एका फोल्डरवर एकाच सर्व्हिसने सिंक कर. आयक्लाउडही चालू आणि ऑब्सिडियनचं स्वतःचं सिंकही चालू, असं असेल तर दोघं एकमेकांच्या बदलांना नवे बदल समजतात आणि फाइली वाढत जातात.

प्रश्न: नागपूरहून लिहितोय, आयटीत टीम लीड आहे. ऑफिसात आसना हे टीमच्या कामांचं अ‍ॅप वापरतो. एकच टास्क डिझाइनच्या प्रोजेक्टमधे पण लागतो आणि रिलीजच्या प्रोजेक्टमधे पण, म्हणून आम्ही डुप्लिकेट करतो आणि मग कमेंट्स दोन जागी विखुरतात. शिवाय मी स्वतःची कामं टूडूइस्ट या यादीच्या अ‍ॅपमधे ठेवतो, तिथेही तेच टास्क परत लिहितो. सगळं सिंक करणारं एखादं टूल सुचवाल का?

उत्तर: टूल घेण्याआधी आसनातच जे आहे ते वापरा, कारण तुम्हाला हवं ते तिथे पहिल्यापासून आहे. टास्क उघडा, प्रोजेक्टच्या नावाजवळ आणखी एक प्रोजेक्ट जोडायची सोय दिसेल, कीबोर्डवर टॅब धरून पी दाबलं तरी होतं. टास्क एकच राहतो, दोन्ही प्रोजेक्टमधे दिसतो, कमेंट्स, फाइली, ज्याच्याकडे काम आहे तो माणूस आणि डेडलाइन सगळं सामायिक. सेक्शन मात्र प्रत्येक प्रोजेक्टमधे वेगळं असू शकतं, म्हणजे डिझाइनमधे "रिव्ह्यू" आणि रिलीजमधे "पुढच्या स्प्रिंटला", हे फार सोयीचं आहे.

दोन ठिकाणी लोक अडकतात. सबटास्क आपोआप दुसऱ्या प्रोजेक्टच्या यादीत येत नाहीत, हवे असतील तर वेगळे जोडावे लागतात. आणि टास्क नव्या प्रोजेक्टमधे जोडला की त्या प्रोजेक्टच्या लोकांना तो आधीच्या कमेंट्ससकट दिसतो. क्लायंट ज्या प्रोजेक्टमधे आहे त्यात अंतर्गत चर्चेचा टास्क जोडण्याआधी खाली स्क्रोल करून एकदा वाचून घ्या. अशा वेळी नवा स्वच्छ टास्क करून जुन्याची लिंक आत देणं जास्त बरं, डुप्लिकेट झालं तरी चालेल.

अशीच सोय दुसऱ्या अ‍ॅपमधेही आहे: क्लिकअपमधे एक टास्क अनेक लिस्टमधे ठेवता येतो, ट्रेलोमधे मिरर कार्ड आहे (तेच कार्ड दुसऱ्या जागीही दिसतं), वर्कफ्लोईमधे मिरर आहे. टूडूइस्टमधे मात्र एक टास्क एकाच प्रोजेक्टमधे राहतो आणि डुप्लिकेट केला की तो स्वतंत्र होतो. तिथली रीत वेगळी, टास्क एका जागी ठेवायचा, त्याला दोन-तीन लेबल लावायची आणि फिल्टरने हवी तशी यादी बघायची. आयफोनच्या रिमाइंडर्समधे टॅग आणि स्मार्ट लिस्ट हेच करतात.

राहिला ऑफिस आणि स्वतःचं अ‍ॅप यांचा प्रश्न. दोन्हीमधे दुतर्फा सिंक करू नका असंच मी म्हणेन. ऑफिसच्या टास्कमधे दिवसात दहा जण हात घालतात, ते सगळं तुमच्या खासगी यादीत ओतून तुम्हाला काय मिळणार? सकाळी आसनात "माय टास्क्स" बघा, आज खरोखर करायचं असेल तेवढ्याचीच लिंक टूडूइस्टमधे एका ओळीत टाका आणि संध्याकाळी ती ओळ पुसा. तपशील तिकडे, आठवण इकडे. आणि ऑफिसची माहिती बाहेरच्या सर्व्हिसला जोडायला कंपनीची परवानगी आहे का हे विचारल्याशिवाय कुठलंच सिंक टूल जोडू नका.

प्रश्न: ताई, म्हापशाला आमचं हौशी नाट्यमंडळ आहे. नाटकाची संहिता ड्राइव्हवर आहे, पण प्रत्येकाने आपापल्या फोल्डरमधे कॉपी केली, आता सहा वेगवेगळ्या संहिता फिरतायत आणि तालमीत संवाद जुळत नाहीत.

उत्तर: ड्राइव्हमधे "मेक अ कॉपी" केलं की ती नवी फाइल होते, मूळ फाइलशी तिचा संबंध संपला. तुम्हाला शॉर्टकट हवाय. पूर्वी एकच फाइल दोन फोल्डरमधे ठेवता यायची, ती सोय ३० सप्टेंबर २०२० पासून गेली आणि त्या जागी शॉर्टकट आले. फाइलवर राइट क्लिक करून शॉर्टकट जोडा आणि आपल्या फोल्डरमधे ठेवा, उघडेल ती मूळच फाइल. शॉर्टकट उडवला तर फाइलला काही होत नाही, मूळ फाइल उडवली तर सगळ्यांचे शॉर्टकट निकामी होतात, म्हणून मूळ फाइल दिग्दर्शकाच्या खात्यावर ठेवा.

सहा कॉपींमधले बदल वाया घालवू नका, नटांनी तालमीत सुचलेले चांगले शब्द त्यात असतील. डॉक्समधे "कम्पेअर डॉक्युमेंट्स" आहे, मूळ संहिता उघडून एकेक कॉपी तिच्याशी ताडून बघा, फरक सजेशन म्हणून दिसतात. दिग्दर्शकाने पसंत केलेले मूळ संहितेत घ्या आणि बाकीच्यांना फक्त सजेशन देण्याचा अधिकार ठेवा.

प्रश्न: मी कोल्हापूरचा, निवृत्त आहे. फोनच्या कॅलेंडरवर प्रत्येक सण आणि नातवंडांचे वाढदिवस दोन दोनदा येतात. हेही सिंकचंच काही असेल का?

उत्तर: काका, सिंकचंच आहे पण काही बिघडलेलं नाही. तुमच्या फोनमधे बहुधा दोन खाती आहेत आणि दोन्हींमधे सणांचं कॅलेंडर चालू आहे. कॅलेंडरच्या अ‍ॅपमधे डावीकडचा मेनू उघडा, खात्यांप्रमाणे यादी दिसेल, एका खात्यातलं सणांचं कॅलेंडर बंद करा. एकेक सण पुसत बसू नका. वाढदिवस दोनदा येतात ते नातवंडांचे नंबर दोनदा सेव्ह असल्यामुळे, एकदा फोनमधे आणि एकदा गुगलमधे. गुगलच्या कॉन्टॅक्ट्समधे सारखे नंबर एकत्र करायची सूचना "मर्ज अँड फिक्स" या नावाखाली मिळते, नातवाला शेजारी बसवून एकदा करून घ्या.

प्रश्न: न्यू जर्सीहून नमस्कार. इथल्या गणेशोत्सवाच्या स्वयंसेवकांची यादी शीट्समधे आहे आणि कामं ट्रेलोमधे. मी ऑटोमेशन लावलं, शीटमधे ओळ आली की कार्ड तयार व्हावं, आणि कार्ड तयार झालं की शीटमधे ओळ यावी. रात्रीत शेकडो कार्डं तयार झाली, "मोदक, शनिवार सकाळ" हेच पुन्हा पुन्हा. आता सगळं पुसून परत सुरू करू का?

उत्तर: पुसू नका, आधी ऑटोमेशन बंद करा, दोन्ही बाजूंचं. नाहीतर पुसतानाही नवीन येत राहतील.

झालंय असं की ओळीने कार्ड केलं, कार्ड तयार झालं म्हणून दुसऱ्या नियमाने नवी ओळ केली, नव्या ओळीने परत कार्ड. दोन्ही नियम आपापल्या जागी बरोबर आहेत, पण "हे मीच केलेलं आहे" हे ओळखायची खूण कुणालाच दिलेली नाही. दुतर्फा सिंकचा सगळा जीव त्या खुणेत असतो. कॅलेंडरच्या फाइलींमधे प्रत्येक कार्यक्रमाला स्वतःचा कायमचा आयडी असतो, म्हणून तेच निमंत्रण सुधारून परत आलं तरी नवा कार्यक्रम तयार न होता जुनाच बदलतो. तुमच्या शीटमधे तशी सोय तुम्हाला करावी लागेल: एक कॉलम वाढवा, "कार्डचा आयडी". कार्ड तयार झालं की ऑटोमेशनने तो आयडी त्याच ओळीत लिहावा. नियमाची अट अशी की हा कॉलम रिकामा असेल तरच नवं कार्ड, भरलेला असेल तर त्या कार्डात बदल. नाव आणि काम जुळवून ओळखायचा प्रयत्न करू नका, एकाच नावाचे दोन स्वयंसेवक असतात आणि "मोदक" कुणी "मोदक २१" लिहिलं की जुळणी मोडते.

पण उत्सवासाठी मी दुतर्फा सिंक लावणारच नाही. एक बाजू मालक ठरवा. नोंदणी शीटमधे होते ना, मग माणूस कोण आणि कधी येणार हे फक्त शीटमधे बदलायचं, कार्डावर ते दिसेल पण तिथे कुणी बदलायचं नाही. काम झालं की नाही हे फक्त ट्रेलोमधे. दुसरा नियम, कार्डावरून ओळ करणारा, काढूनच टाका.

स्वयंपाकघर, सजावट, पार्किंग अशा टीमना आपापली यादी हवी असेल तर त्यांना शीटची कॉपी देऊ नका, त्यांच्या शीटमधे इम्पोर्टरेंज हे फंक्शन वापरा, मूळ शीटमधली निवडलेली रांग तिथे दिसते आणि मूळ बदललं की तीही बदलते. दिसणाऱ्या भागात कुणी टाइप केलं तर फंक्शन एरर देऊन सगळी यादी गायब होते, तेव्हा टीमप्रमुखांना सांगून ठेवा की घाबरू नका, टाइप केलेलं पुसलं की यादी परत येईल. मात्र फोन नंबरांची काळजी घ्या. एकदा दोन शीट्स जोडायला परवानगी दिली की त्या दुसऱ्या शीटचा कोणताही एडिटर फंक्शनमधली रांग बदलून मूळ शीटमधलं काहीही ओढू शकतो. म्हणून स्वयंसेवकांचे नंबर, पत्ते, देणगीचे आकडे वेगळ्या फाइलमधे ठेवा आणि जोडायची फाइल फक्त नाव, काम, वेळ एवढीच असू द्या. उत्सवाचा अहवाल डॉक्समधे करताना शीटमधली टेबलं लिंक करून पेस्ट केली असतील तर ती आपोआप ताजी होत नाहीत, टेबलवरचं "अपडेट" बटण दाबावं लागतं, छापायला देण्याआधी तेवढं दाबा.

आता साफसफाई. शीटची व्हर्जन हिस्टरी उघडा आणि ऑटोमेशन सुरू होण्याच्या आधीची आवृत्ती परत आणा, मात्र त्यानंतर खऱ्या माणसांनी भरलेल्या ओळी असतील तर त्या आधी वेगळ्या टॅबमधे काढून ठेवा. तसं करायचं नसेल तर डेटा मेनूत "डेटा क्लीनअप" खाली डुप्लिकेट काढायची सोय आहे, तिथे नाव, काम आणि वेळ हे तिन्ही कॉलम निवडा, फक्त काम निवडलंत तर मोदकांना एकच माणूस उरेल. ट्रेलोमधे कार्डं थेट डिलीट करू नका, सगळी एका वेगळ्या लिस्टमधे हलवा आणि ती लिस्ट आर्काइव्ह करा, एखाद्या कार्डावर कुणी खरीखुरी कमेंट टाकलेली सापडली तर ते परत आणता येईल. मग एका खोट्या ओळीवर नवा नियम चालवून बघा, त्याच ओळीत वेळ बदलून परत बघा, कार्ड एकच राहिलं तर खऱ्या यादीवर सुरू करा.